गल्ल्यात काय उरलं?

2024 च्या दिवाळीत मी भयंकर श्रीमंत होते. कागदावर! दोन पुरवण्यांची कामं, एका संस्थेचं स्मरणिकेचं संपादन, शिवाय एक कॉर्पोरेट ब्रोशर. एक्सेल शीटच्या तळाशी जो आकडा चमकत होता, तो बघून मी राजकमल चौकात जाऊन स्वतःला मस्तपैकी दोन कुर्ते आणि एक हेडफोन घेऊन टाकला. अर्थातच क्रेडिट कार्डावर. कार्डाचं बिल अठरा तारखेला आलं, अगदी न चुकता. माझी बिलं मात्र कुणाच्या तरी 'अकाउंट्समध्ये प्रोसेसला' होती. सोशल मीडियावर फोटो टाकायला कुर्ते होते, पण पेट्रोलला पैसे नव्हते.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? आमचा पगार महिन्याच्या महिन्याला पडतो. बरोबर आहे. पण ज्या कंपनीतून तो पडतो, ज्या कंपनीचे शेअर्स तुम्ही लंच ब्रेकमध्ये मोबाइलवर घेता आणि ज्या घरच्या धंद्याला तुम्ही अडीअडचणीला पैसे देता, त्या सगळ्यांची गोष्ट माझ्या कुर्त्यांसारखीच असू शकते. माझ्यासमोर ती त्याच डिसेंबरात अकोल्यात एका घरात, एकाच रविवारी दोनदा घडली.

तर झालं असं. बडनेऱ्याहून गाडी पकडून मामाकडे गेले होते. मामांची एमआयडीसीत छोटी डाळ मिल आहे. अकोल्यात हे सांगणं म्हणजे पुण्यात 'आमचा मुलगा आयटीत आहे' म्हणण्यासारखं, त्यात विशेष काही नाही. मामेभाऊ मात्र नागपूरला खासगी कंपनीत नोकरीला. त्याने दोन वर्षं काटकसर करून तीन लाख जमवले होते. फ्लॅटच्या बुकिंगसाठी. त्या रविवारी चहा व्हायच्या आत तो मोबाइल नाचवत आला.

"ताई, हे पाहा. पी-ई एक! अख्ख्या मार्केटमध्ये असा शेअर नसेल. आणि कंपनी कुठली, तर आपल्या अमरावतीची!"

पी-ई म्हणजे शेअरचा भाव भागिले कंपनीने एका शेअरमागे वर्षभरात मिळवलेला नफा. बऱ्या कंपन्यांचा हा आकडा पंधरा, वीस, तीस असतो. एक असेल तर त्याचा अर्थ असा की, तुम्ही शेअरला जेवढे पैसे मोजलेत तेवढे कंपनी एका वर्षात कमावते. असं सोनं कुणी रस्त्यावर ठेवेल का? पण ॲपवर आकडा होता खरा.

अमरावतीहून नागपूर हायवेने जाताना नांदगाव पेठजवळ ज्या उंच चिमण्या दिसतात, तोच हा औष्णिक वीज प्रकल्प. जुनी मंडळी अजूनही त्याला 'सोफिया'च म्हणतात. अप्पर वर्धाच्या पाण्यावरून झालेली आंदोलनं आपल्या आईबाबांना चांगलीच आठवत असतील. 270 मेगावॉटचे पाच संच, एकूण 1350 मेगावॉट. कंपनीचं नाव तेव्हा इंडियाबुल्स पॉवर. ऑक्टोबर 2009 मध्ये तिचा आयपीओ 45 रुपयांना आला. 2014 मध्ये प्रवर्तकांनी आपापले धंदे वेगळे केले आणि नाव झालं रतनइंडिया पॉवर. संच 2013 ते 2015 च्या दरम्यान सुरू झाले, महावितरणशी 1200 मेगावॉटचा पंचवीस वर्षांचा करारही होता. तरीही कर्जाचं ओझं पेललं नाही. 2019 च्या अखेरीस बँकांशी एकरकमी तडजोड झाली. सुमारे 6,574 कोटींचं कर्ज 4,050 कोटींत मिटलं.

आणि याच कंपनीने जानेवारी ते मार्च 2024 या एका तिमाहीत 10,600 कोटींहून जास्त निव्वळ नफा दाखवला. त्या तिमाहीचं एकूण उत्पन्न होतं साधारण हजार कोटी! हजाराची वीज विकून दहा हजारांचा नफा? मामेभाऊ खूश होता. मला माझी एक्सेल शीट आठवली.

भानगड सिन्नरमध्ये होती. नांदगाव पेठसारखाच 1350 मेगावॉटचा जुळा प्रकल्प कंपनीने नाशिक जिल्ह्यात सिन्नरला उभारला, उपकंपनीच्या नावाने. पण वीज विकत घेणाराच मिळाला नाही. प्रकल्प वर्षानुवर्षं नुसता उभा आणि कर्जावर व्याज चढतंय. हे सगळं नुकसान मुख्य कंपनीच्या एकत्रित हिशेबात दरवर्षी धरलं जात होतं. पुढे सिन्नरची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, मुख्य कंपनीचा ताबा सुटला. ताबा सुटला की हिशेबाच्या नियमाप्रमाणे तिची मालमत्ता आणि तिची कर्जं, दोन्ही वहीतून बाहेर काढायची. कर्जं मालमत्तेपेक्षा कितीतरी मोठी होती. मधला फरक 'अपवादात्मक नफा' म्हणून जमा झाला. कंपनीने काही लपवलं नाही हां, तसं तिने स्पष्ट दाखवलंच होतं. पण ॲपला कुठे कळतंय! त्याने वर्षाचा 8,800 कोटींवरचा नफा घेतला, 537 कोटी शेअर्सनी भागला, एका शेअरमागे साडेसोळा रुपये काढले. भाव होता वीसच्या खाली. झाला पी-ई एकच्या आसपास.

घरातल्या धाकट्या भावाचं कर्ज एकत्र कुटुंबाच्या वहीत लिहिलेलं होतं. भाऊ वेगळा झाला, ते पान फाडलं. वही एकदम हिरवीगार! पण गल्ल्यात रुपया वाढला का? नाही.

"मग खरा आकडा बघायचा कुठं?" मामेभावाचा चेहरा पडला होता.

नफा-तोटा पत्रकाच्या शेजारीच आणखी एक पान असतं, कॅश फ्लो स्टेटमेंट. आपण ते पान उलटून पुढे जातो, कारण त्यात ग्लॅमर नाही. ते नफ्यापासूनच सुरू होतं, आणि मग नफ्यातला जो भाग रोख नाही तो एकेक करून काढून टाकत जातं. सिन्नरचा तो महाकाय नफा पहिल्या काही ओळींतच वजा होतो. पुढे धंद्यातून हातात खरोखर आलेली रोकड दिसते, तो ऑपरेटिंग कॅश फ्लो. त्यातून यंत्रं, इमारती, नवी शाखा असल्या गोष्टींवर केलेला भांडवली खर्च, म्हणजे कॅपेक्स, वजा करा. जे उरतं तो फ्री कॅश फ्लो. मालक घरी नेऊ शकतो, कर्ज फेडू शकतो, डिव्हिडंड वाटू शकतो, ते यातूनच. वॉरन बफे यांनी 1986 सालच्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रात जवळपास हीच कल्पना 'ओनर अर्निंग्ज' म्हणून मांडली होती. इथपर्यंत मी बोलत होते आणि मामा वर्तमानपत्राच्या मागे होते. आता पेपर खाली आला.

"तीन लाख कायले तिकडं टाकतं बे? मले दे. जानेवारीत नवी तूर येईन, तवा कामी पडतीन."

मामेभाऊ चमकला. "बाबा, मागच्या वर्षी तर अठरा लाख नफा झाला म्हणत होते तुम्ही?"

"झाला ना. सीएनं सही करून देल्लं हाय."

"मग पैसे कुठं गेले?"

"कुठी जातीन? बजारात फिरून रायले."

हे 'बाजारात फिरून रायले' म्हणजे काय, ते त्या दिवशी आम्ही तिघांनी वहीवर मांडलं. (आकडे थोडे गोल करून, मामांच्या परवानगीनं देतेय. मामीच्या परवानगीचं विचारू नका.) 2023-24 चं साल. निव्वळ नफा अठरा लाख. त्यात घसारा बारा लाख परत मिळवायचा, कारण यंत्रं जुनी झाली म्हणून तो खर्च लिहिला, पण कुणाला रोख दिली नाही. झाले तीस. आता खरी गंमत. 2024 च्या सुरुवातीला अकोल्याच्या बाजार समितीत तूर क्विंटलला दहा हजारांच्या वर गेली होती. पोती तेवढीच, पण तेवढीच पोती भरायला जास्त पैसा. गोदामातल्या मालात पंधरा लाख जास्तीचे अडकले. बाहेरगावच्या ठोक किराणा पार्ट्या, ज्या 45 दिवसांत पैसे द्यायच्या, त्या 70 दिवसांवर गेल्या. उधारी बावीस लाखांनी वाढली. मामांनीही अडत्यांचे पाच लाख थोडे उशिरा दिले, तेवढी सूट. तीस वजा पंधरा वजा बावीस अधिक पाच. उत्तर, उणे दोन लाख.

म्हणजे वर्षभर मिल धडधडत होती, हमाल पोती उचलत होते, फटका डाळीचे कट्टे ट्रकमध्ये चढत होते, आणि धंद्यातून हाती आलेली रोकड होती शून्याच्याही खाली. त्यातच मामांनी डाळीतले खडे आणि काळे दाणे वेचणारं रंग ओळखणारं मशीन घेतलं होतं, पंचवीस लाखांचं. फ्री कॅश फ्लो उणे सत्तावीस लाख. कागदावर अधिक अठरा! मधला फरक पंचेचाळीस लाखांचा. आणि सत्तावीस लाखांचा हा खड्डा कुणी भरला? बँकेनं. सीसी लिमिट काठोकाठ भरली होती. आणि अठरा लाखांच्या नफ्यावरचा टॅक्स? तो रोखीनेच भरला होता. आयकर खातं उधारी ठेवत नाही.

मामा गप्प झाले. मग म्हणाले, "मशीन तं घ्याच लागत होतं. हातानं वेचलेली डाळ कोन घेते आता?"

आणि यात ते शंभर टक्के बरोबर होते. फ्री कॅश फ्लो उणे आला म्हणजे धंदा वाईट, असं सरसकट म्हणणारे एक्स्पर्ट मला पटत नाहीत. डी-मार्टचंच घ्या. ते शक्यतो जागा भाड्याने न घेता स्वतःची दुकानं बांधतात, त्यामुळे कमावलेल्या रोकडीचा मोठा भाग वर्षानुवर्षं नव्या दुकानांत जातो आणि 'फ्री' फारसं काही उरत नाही. पण जुनी दुकानं रोकड देत असतात, म्हणून चालतं. प्रश्न विचारायचा तो हा की, पैसे कशात गेले. मशीनमध्ये गेलेले पंचवीस लाख पुढची दहा वर्षं काम करणार. 70 दिवसांच्या उधारीत गेलेले बावीस लाख मात्र कुणाच्या तरी दुसऱ्याच धंद्याला फुकटात भांडवल पुरवत होते. मामांना राग मशीनचा आला नाही. दुसऱ्या वाक्याचा आला.

याची उलटी बाजूही आहे. कॅपेक्स बंद करा, फ्री कॅश फ्लो लगेच गुबगुबीत दिसतो. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी आपली शकुंतला आठवा. कापसासाठी ब्रिटिश काळात खासगी कंपनीने टाकलेली नॅरोगेज. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन, रूळ जुनेपुराणे, वेग असा की सायकलवाल्याने हसावं. रुळांत पैसा घालायचा कुणी, यावर वर्षं गेली आणि गाडी थांबली ती थांबलीच. तेव्हा एखादी कंपनी भरपूर रोकड दाखवत असेल, तर तिची यंत्रं किती जुनी आहेत, घसारा किती लिहितेय आणि प्रत्यक्ष नवीन किती घेतेय, हे शेजारी ठेवून बघायचं. घसारा शंभर आणि कॅपेक्स वीस, असं चार-पाच वर्षं दिसलं तर समजा, कंपनी घराचे वासे विकून भात खातेय.

आता थोडं बारकाव्याचं, कारण मामेभावाने संध्याकाळी मिल मालकाचा मुलगा असल्याचं सिद्ध केलं. तो वीज कंपन्यांची कॅश फ्लो स्टेटमेंट्स डाउनलोड करून बसला. "ताई, बऱ्याच ठिकाणी ऑपरेटिंग कॅश फ्लो झकास दिसतोय!" दिसणारच. आपल्याकडच्या हिशेब नियमांत बँक-फायनान्स सोडून इतर कंपन्या भरलेलं व्याज ऑपरेटिंगमध्ये नाही, खाली फायनान्सिंगच्या रकान्यात दाखवतात. वीज प्रकल्पाचा सगळा खर्च सुरुवातीलाच होतो, तोही बहुतांशी कर्ज काढून. त्यामुळे वरची रोकड भरघोस आणि खालचं व्याज त्याहून भरघोस, असंही होऊ शकतं. शेअरहोल्डर म्हणून तुमचा नंबर बँकेनंतर लागतो. कर्जबाजारी कंपनीत फ्री कॅश फ्लोमधून व्याज वजा केल्याशिवाय पुढे जाऊ नका. एप्रिल 2019 पासून दुकानांच्या, ऑफिसांच्या दीर्घ मुदतीच्या भाड्याचंही तसंच. ते बहुतेक खाली सरकलंय, म्हणून भाड्याच्या जागेत चालणाऱ्या चेन्सची रोकड वरवर पाहता जास्त दिसते.

बँका आणि फायनान्स कंपन्यांना हे माप लावूच नका. त्यांचा मालच पैसा, तिथे कर्ज दिलं की रोकड बाहेर गेली असं दिसतं. आणि हो, लिस्टेड कंपन्यांनी कॅश फ्लो सहामाहीला देणं 2019 पासून बंधनकारक झालं, म्हणजे सप्टेंबर आणि मार्चच्या निकालांसोबत. मधल्या दोन तिमाहींत टीव्हीवर 'प्रॉफिट डबल!' अशी पट्टी फिरते तेव्हा रोकडीचा पत्ता नसतो. तोवर धीर धरायचा.

रोकडही खोटी असू शकते का? असू शकते. जानेवारी 2009 मध्ये सत्यमच्या रामलिंग राजूंनी कबुली दिली, तेव्हा ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून जास्त रोकड अस्तित्वातच नव्हती. पण नफा फुगवायला एक नोंद पुरते, बँकेतली रोकड फुगवायला खोटी कागदपत्रं बनवावी लागतात. चोराला जास्त कष्ट पडतात, एवढाच काय तो या मापाचा फायदा.

रात्री जेवताना मामेभावाने विषय काढला. "बाबा, तीन लाख देतो. पण आधी 70 दिवसवाल्या पार्ट्यांची यादी दाखवा."

तुम्ही घरच्या धंद्यात वाढला असाल तर या वाक्याने काय होतं ते तुम्हाला माहीत असेल. मामांनी ताट सारलं. तीस वर्षं बाजारात काढलेल्या माणसाला पोरगं हिशेब मागतंय! मामी मध्ये पडली. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अमरावतीला पळून आले, अगदी भ्याडासारखी.

आठवडाभर बापलेक बोलले नाहीत. मग जानेवारीत मामांनी स्वतःच व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. नऊ पार्ट्या. दोन नावांपुढे लाल पेनाने गोल. त्या दोघांना माल बंद. मामेभावाने दीड लाख दिले, दीड बँकेत ठेवले. शेअर घेतला नाही.

2024-25 चा हिशेब आला तेव्हा मामा नाराज होते. तुरीचा भाव वर्षभरात 7,550 च्या हमीभावाच्या आसपास घसरला, चढ्या भावाने घेतलेल्या मालावर मार बसला. नफा फक्त सात लाख. पण घसारा चौदा, उधारी सोळा लाखांनी कमी, गोदामातला माल बारा लाखांनी कमी, अडत्यांचे पाच लाख देऊन टाकले, म्हणजे चव्वेचाळीस. यंत्रांवरचा भांडवली खर्च चार लाख. फ्री कॅश फ्लो अधिक चाळीस! सीसी निम्म्यावर आली.

मामेभाऊ फोनवर नाचत होता. मी त्याला थांबवलं. उधारी वसूल झाली ती एकदाच होते, दरवर्षी सोळा लाख वसूल व्हायला तेवढी उधारी उरायला तर हवी. दोन्ही वर्षं एकत्र करून बघ म्हटलं. नफा पंचवीस लाख, फ्री कॅश फ्लो तेरा. मिलची खरी तब्येत या तेराच्या जवळपास कुठेतरी आहे. मोठ्या कंपन्यांचंही एक वर्ष बघून काही कळत नाही, पाच-सात वर्षांची बेरीज लागते. आणि ती बेरीज नफ्याच्या बेरजेच्या आसपास तरी फिरकते का, ते बघायचं.

दीड लाख मामांनी अजून परत केलेले नाहीत. मामेभाऊ मागत नाही, आणि मामा विषय काढत नाहीत. माझ्या दिवाळीच्या बिलांपैकी शेवटचं एक तर मार्च संपला तरी यायचंच होतं. मामांना सांगितलं, तेव्हा ते पहिल्यांदा मोकळेपणाने हसले.

"फोन नोको करू आता. जाऊन बस त्याच्या हपीसात. डबा घेऊन जा."